होय म्हणायची सभा

बाईंचं घर भिसेगावात. पण शनिवारी शाळा सुटली की त्यांची स्कूटी घराकडे न जाता खालापूरच्या रस्त्याला लागायची. तिकडं एका कॉलेजात शनिवार-रविवारी शिक्षकांचे वर्ग भरतात. शिक्षक शिकवतात ते नव्हे, शिक्षकच बाकावर बसून शिकतात ते. मला हे कळलं तेव्हा हसूच आलं.

"बाई, तुमचं अजून काय शिकायचं राहिलंय?"

"शाळा चालवायला."

"शाळा तर तुम्ही चालवताच की."

"चालवते कुठं, ढकलते," बाई म्हणाल्या. "वर्गात शिकवायला येतं मला. पण मुख्याध्यापक झालं की कामच वेगळं असतं, ताई. सोबतच्या शिक्षकांना सांभाळायचं, पालकांना बरोबर घ्यायचं, वाडीला शाळा आपली वाटली पाहिजे. हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही कधी. त्याचा हा कोर्स आहे, पदवीच्या वरचा."

पदवीच्या वरचा म्हणजे केवढा वरचा, याचा अंदाज मला कुठून असणार? मी सातवीत शाळा सोडलेली. आम्ही माजलगावकडचे. आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला मला सोबत न्यायचे. परत यावं तर वर्ग पुढं गेलेला असायचा. दरवर्षी धावून गाठायचे. सातवीत तो इतका लांब गेला की मी धावायचं सोडलं.

लग्नानंतर काही वर्षांनी ह्यांना भिवपुरीजवळ एका बंगल्यावर माळीकाम लागलं आणि आम्ही इकडं आलो. माझ्या माहेरी क्षितिजापर्यंत सपाट रान. इथं दार उघडलं की समोर डोंगर, आणि त्याच्या अंगावरून वीजघराकडं उतरणारे ते जाडजूड पाइप. ओळखीचं माणूस नाही. बोलायला तोंड उघडलं की लोक हसायचे, "तुमी लय लांबच्या दिसता" म्हणायचे. वर्ष अर्धं सरलेलं, लेकीचा शाळेचा दाखला गावाकडंच राहिलेला. तो आणायचा म्हणजे ह्यांचा रोज बुडणार. डोंगराखालच्या वाडीतल्या शाळेत मी लेकीला घेऊन गेले ती नाही ऐकायची तयारी करूनच. बाईंनी माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही.

"कागद येतील मागनं. पोरगी आलीय ना?" असं म्हणून त्यांनी लेकीचा हात धरला आणि दुसऱ्या ओळीत बसवलं.

मी शाळेच्या पायरीवर थोडा वेळ तशीच बसून राहिले. उठवेना. त्या दिवसापासून बाईंनी मला विहिरीत उडी मार म्हणलं असतं तरी मी कुठली विहीर तेवढंच विचारलं असतं.

पुढं शाळेच्या व्यवस्थापन समितीची निवड झाली. या समितीत पालक असतात, आणि अध्यक्ष पालकांमधलाच लागतो. वाडीतलं कुणी तयार होईना. एकानं दुसऱ्याचं नाव घ्यावं, दुसऱ्यानं मान फिरवावी. शेवटी वाडीतल्या मावशी, ज्यांचा नातू पहिलीत आहे, माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "ही परक्या गावची हाय. हिचं कुनाशी भांडन नाय. हिलाच करा."

माझी लायकी एवढीच, की माझं कुणाशी भांडण नव्हतं. तरी मला अध्यक्ष केलं आणि बाईंच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी त्या खुर्चीच्या टोकावर बसायचे. पाठ टेकली तर खुर्ची आपली झाली असं लोकांना वाटेल, अशी भीती.

तर त्या कोर्समध्ये बाईंना एक प्रात्यक्षिक होतं. शाळा सुधारायची एखादी योजना आखायची, ती पालकांच्या सभेत मांडायची, आणि खालापूरहून त्यांचे मार्गदर्शक सर येऊन मागं बसून ती सभा बघणार. बाकीचं सगळं झालेलं, एवढंच राहिलेलं. हे पार पडलं नाही तर निकाल अडकणार, वर्ष वाया जाणार. बाईंना मोठ्या शाळेचं मुख्याध्यापक व्हायचं होतं. घरचं सांभाळून, मुलाची दहावी काढून त्या हे शिकत होत्या. सभेचं सांगताना त्यांचा चेहरा लेकीच्या पेपराच्या आदल्या दिवशीच्या चेहऱ्यासारखा झाला होता.

मला वाटलं, फेडायची वेळ आली.

आमच्या गावच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा गुरुजी आदल्या दिवशी सांगून ठेवायचे: साहेब काहीही विचारोत, सगळ्यांनी मोठ्यानं "होय सर" म्हणायचं. ज्यांचा भरवसा नाही त्यांनी घरी राहायचं. मी घरी राहणाऱ्यांतली. साहेब खूश होऊन गेले की गुरुजींचा जीव भांड्यात पडायचा. परीक्षा म्हणजे अशीच पार पाडायची असते, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं.

सभेच्या आदल्या दिवशी मी वाडीत घरोघर फिरले. कुणी भात वाळत घातलेलं, कुणी लाकडाच्या मोळ्या सोडत होतं. प्रत्येक दारात एकच सांगितलं. "उद्या सभेला या. बाईंची परीक्षा आहे. त्या काय म्हणतील त्याला होय म्हणा. बास."

"येवढंच ना?" मावशी म्हणाल्या. "म्हनू की. बाय चांगली हाय आमची."

दुसऱ्या दिवशी शाळा भरून गेली. बाईंनी सभेला एवढी माणसं कधी पाहिलीच नव्हती. त्यांना हुरूप आला. सर मागच्या बाकावर बसले. वयस्क, पांढरी मिशी, हातात पेन. बाईंनी योजना सांगितली: मुलांनी रोज संध्याकाळी घरी मोठ्यानं वाचायचं, पालकांनी शेजारी बसून ऐकायचं आणि चुकलं तर सांगायचं. बोलणं सोपं, स्वच्छ. मी खुर्चीच्या टोकावरून सगळ्यांकडं डोळे वटारून बघत होते.

"पटतंय का सगळ्यांना?" बाईंनी विचारलं.

"होय बाई!" सगळी शाळा एका सुरात.

माझी छाती फुगली.

"जमेल ना?"

"होय बाई!"

"काही अडचण आहे का कुणाला?"

"होय बाई!"

बाई थांबल्या. सरांचं पेन थांबलं. बाईंना वाटलं, खरंच अडचण असेल. त्यांनी हसून विचारलं, "कोणती अडचण आहे, सांगा बरं."

भिंतीकडच्या एका बापया माणसानं घसा खाकरला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "होय बाई."

पोरं खिदळली. सर उठून पुढं आले आणि मावशींसमोर उकिडवे बसले. "मावशी, तुमचं काय मत? घरी ऐकायला बसाल नातवाचं?"

"माझं कशाचं मत?" मावशी म्हणाल्या. "या आमच्या अध्यक्षीन बायनी काल दारात येऊन सांगितलंय, होय म्हना. तुमी इचारा, मी होय म्हंते. लवकर इचारा फक्त, चुलीवर भात हाय."

अख्खी शाळा हसली. पोरं तर बाकांवर लोळली. माझी लेक तेवढी हसली नाही. ती माझ्याकडं बघतच राहिली, आणि मला ती खुर्ची आपल्याला घेऊन जमिनीत जाईल तर बरं, असं झालं. कान तापले. हात कुठं ठेवू कळेना, म्हणून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

सर रागावले नाहीत. पेन खिशाला लावत बाईंना म्हणाले, "माणसं जमवलीत, छान. पण सभा कुठं झाली? ही तर आरती झाली. देव पुढं, बाकी सगळे टाळ्या." मग हळूच, "हे मला धरता येणार नाही. पुन्हा घ्या. मी अजून एकदा येईन."

मी बाईंच्या तोंडाकडं बघू शकले नाही. लोक पांगायच्या आधीच मागच्या दारानं निघाले.

त्यानंतर लेकीला शाळेत सोडायला मी फाटकापर्यंतच जायचे आणि वळायचे. वाडीतल्या पोरांना खेळ मिळाला होता, मला बघितलं की आंब्याखालून ओरडायची, "होय बाई!" ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "हसतील चार दिवस, विसरतील." ह्यांना काय, ह्यांची झाडं बोलत नाहीत.

शेवटी बाईच आमच्या खोलीवर आल्या. बंगल्याच्या मागं, पाण्याच्या टाकीशेजारी आमची खोली. मी चहा टाकायला उठले तर त्यांनी हात धरून बसवलं.

"तुम्ही माझ्यासाठीच केलंत, ताई. कळतं मला. पण सर काय बघायला आले होते सांगू? लोक माझ्यासमोर नको म्हणू शकतात का, हे. जिथं नको म्हणायची सोय नाही तिथं होयला काय किंमत?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडं नीट बघून विचारलं, "मला एक खरं सांगा. ती योजना तुम्हाला पटली होती का?"

"होय बाई," मी म्हणाले.

तोंडातून निघालंच. बाईंनी हेल्मेट उचललं आणि गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

कारण ती योजना मला पटलेली नव्हती. सभेआधी बाईंनी ती मला सांगितली तेव्हाच खटकली होती. त्याच संध्याकाळी मी लेकीला म्हणाले, वाच तुझं पुस्तक, मी ऐकते. तिनं मुद्दाम इंग्रजीचं काढलं. वाचत गेली, मी मान डोलवत गेले. वाचून झाल्यावर म्हणाले, "छान."

"आई, मी मधलं एक पान वाचलंच नाही."

"का गं?"

"तुला कळतंय का बघत होते." असं म्हणून ती हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मी भांड्यांकडं तोंड करून बसले. मला मराठी तरी वाचता येतं. वाडीत कित्येक घरांत मोठ्या माणसाला अक्षरओळख नाही. त्यांनी रोज संध्याकाळी लेकरासमोर बसून काय डोलवायचं? आणि हे ठाऊक असताना मीच घरोघर जाऊन त्यांना होय म्हणायला लावलं होतं.

दुसऱ्या सभेला माणसं अर्धीच आली. मी कुणाला बोलवायला गेलेच नव्हते. सर त्याच मागच्या बाकावर. मी खुर्चीवर न बसता खाली मावशींच्या शेजारी बसले. बाईंनी तीच योजना पुन्हा मांडली आणि विचारलं, "पटतंय का?"

कुणी होय म्हणेना, कुणी नाही म्हणेना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हात वर केला, लहानपणी वर्गात करायचा राहिला तसा. बाईंनी मान हलवली, मी उभी राहिले.

"बाई," मी म्हणाले, "हे नाही जमणार."

एवढं बोलून माझा श्वास संपला. मी बसणार होते, पण बाईंनी विचारलं, "का?" आवाज जरा कडक वाटला. मग मी पायाच्या अंगठ्याकडं बघत सांगितलं. लेकीनं पान सोडलं आणि मी छान म्हणाले ते सांगितलं. "लेकराला आपलं माणूस अडाणी आहे हे ठाऊकच असतं, बाई. पण रोज दिवा लावून त्याच्यासमोर बसून ते दाखवायचं, हे नाही होणार. माझ्याच्यानं नाही होणार. बाकीच्यांचं मी सांगत नाही."

माझे डोळे भरून आलेले, नाकही गळायला लागलेलं, आणि पदर सापडेना.

"मंग पयल्या खेपेला होय कशाला म्हनत व्हतीस गं?" मावशी म्हणाल्या.

हशा झाला, पण या खेपेला माझ्यावर नुसता तुटून पडला नाही. मावशीच पुढं बोलल्या. "खरं हाय बाई तिचं. आमचा नातू मला वाचून दावतो, मी म्हंते लय भारी. तो म्हंतो, आजे, मी पुस्तक उलटं धरलंय." मग भिंतीकडचा तो बापया बोलला, की संध्याकाळी तो घरी असतो कुठं, बंगल्यांवर पाणी सोडायला जातो. कुणी म्हणालं, चौथीतली पोरं पहिलीच्या पोरांचं ऐकतील की शाळेतच. कुणी म्हणालं, मग शाळा सुटायच्या आधी तेवढा वेळ काढा. दोघांचं त्यावरून भांडण लागलं. बाई आधी उभ्या होत्या. मग त्याही खाली बसल्या, आणि त्यांची योजना लोकांनी पार मोडून पुन्हा बांधली. मागं सर भराभरा लिहीत होते.

बाई पास झाल्या. पेढे घेऊन आल्या तेव्हा पहिला माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "एक सांगू? तुम्ही नाही जमणार म्हणालात ना, तेव्हा मला राग आला होता तुमचा. महिनाभर खपले होते मी त्या योजनेवर. एवढं शिकूनसुद्धा आला राग. कळला का माझ्या तोंडावर?"

पेढा तोंडापर्यंत गेलेला तसाच राहिला. चुकलं बाई, माफ करा, असं ओठांवर आलं होतं. नाही बाई, कुठं काय, असंही आलं होतं.

"होय बाई," मी म्हणाले. "कळला."

त्या मोठ्यानं हसल्या. मलाही हसू आलं, पण कान तापायचे ते तापलेच. आता बाईंना खालापूरकडच्या मोठ्या शाळेवर मुख्याध्यापक म्हणून जायचंय, तशी ऑर्डर येईल म्हणतात. आणि वाडीत माझं नाव पडलंय ते पडलंय. पाण्याला गेले की मावशी लांबूनच हाक मारतात, "आली का गं आमची होयबाय!" आणि मी घागर खाली ठेवून, मान खाली घालून, त्यांच्या शेजारी जागा करून बसते.