पाठमोरी आवणी

जुईली मंचावर आली की तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी लोकांना हसू फुटायचं. महाळुंग्याच्या नाटकमंडळीत तिने मोलकरणी केल्या, खाष्ट सासवा केल्या, एकदा तर नुसती खुर्चीत अडकून बसणारी बाई केली. त्या अडकण्याला टाळ्या पडल्या. प्रयोग संपला की ती आरशाकडे न बघता रंग पुसायची.

गावी, माल्याला, घरी आई, रत्नाबाई, जुईलीच्या ताटात अर्धीच भाकरी वाढायची. लग्न जमत नव्हतं ना. खरं तर रत्नाबाईचा देहही असाच भरलेला, आणि त्याच देहाने ती पावसाळाभर खाचरात वाकलेली असायची. तिची भाकरी कुणी मोडली नव्हती.

यंदाच्या नाटकात सखू नावाची विधवा होती, शेत विकायला नकार देणारी. ते काम सृष्टी करायची. तिची बदली बंगळुरूला झाली आणि माल्याच्या जत्रेतला प्रयोग तर ठरलेला. सखूचे सगळे संवाद पाठ असलेली एकटी जुईली होती. दिग्दर्शक दयानंददादांनी काम तिला दिलं. दिलं कसलं, निरुपायाने सोडलं.

नाटक आवणीने उघडायचं. प्रेक्षकांकडे पाठ करून, कमरेत वाकून, सखू भाताची रोपं लावत मागे मागे सरकत येते. बराच वेळ एक शब्द नाही. सृष्टीच्या त्या पाठमोऱ्या प्रवेशाचं पेपरात कौतुक छापून आलं होतं.

पहिल्याच तालमीला जुईली वाकली आणि दादांनी हात वर केला.

"असं नको. तू समोर तोंड करून बस. रोपांच्या जुड्या सोडत बस."

"आवणी बसून करतात का, दादा?"

"नाही करत. माहितीये मला, आमचीही खाचरं होती." ती खाचरं आता इमारतींखाली गेली होती. "पण लोक हसतील गं. आणि खरं सांगू? राबणारी बाई अशी दिसत नाही."

अगदी मायेने म्हणाले. बाकीचे मोबाइलमध्ये बघू लागले. जुईली बसली, जुडी सोडली.

परतताना बसच्या खिडकीशी तिला एकेक बाई आठवत गेली. आई, काकी, पलीकडच्या गंगूबाई. जाड दंड, रुंद कंबरा, गुडघ्यापर्यंत चिखल. दादांसारखा माणूस अशाच बायांनी लावलेल्या भातावर मोठा झालेला आणि त्याला त्या दिसल्या नव्हत्या. आणि आपण? आपण इतकी वर्षं आरशाकडे पाठ केली ती कुणाच्या सांगण्यावरून? पौडचा थांबा आला तरी तिची मूठ सुटली नव्हती.

जत्रेच्या संध्याकाळी देवळापुढे पडदा उघडला. जुईली बसलेली नव्हती. आईचं नऊवारी लुगडं ओचा खोचून नेसलेली, प्रेक्षकांकडे पाठ करून वाकलेली होती.

हशा उसळला. शिटी आली. मागून कुणी ओरडलं, "रोलर आला रं, रोलर!"

एरवी ती अशा हशाला थांबायची, त्याला अजून थोडं खायला घालायची. आज तिने काही दिलं नाही. रोप रोवलं, पाऊल मागे, रोप रोवलं. राग हातात उतरला तसा हाताला वेग आला. विंगेतून दादा हळू आवाजात वळ, वळ म्हणत होते. ती वळली नाही.

तेवढ्यात पुढे सतरंजीवर बसलेल्या गंगूबाई मागे वळल्या. "गप रं," त्या म्हणाल्या. "तुजी आई काय वेगळी दिसती व्हय खाचरात?"

पोरं ओशाळली. सगळी नाही, दोघं-तिघं फिदफिदत राहिलीच. पण रांग पुरी झाल्यावरच सखू वळली आणि तिने पहिला शब्द उच्चारला.

प्रयोगानंतर दादा खुशीत आले. "छान झालं. हेच ठेवू या."

"ठेवायचं काय, दादा? ते होतंच. तुम्ही काढलं होतं."

दादा हसायला गेले, पण जुईली हसली नाही. आरशात बघत रंग पुसत राहिली.

घरी रत्नाबाईने चूल फुंकली. "शेवटाला रांग वाकडी गेली तुजी," ती म्हणाली, आणि सवयीने भाकरी मोडायला घेतली. जुईलीने तिचं मनगट धरलं.

"मोडू नगंस, आई."

रत्नाबाईने हात मागे घेतला. मग अख्खी भाकरी ताटात ठेवली. जुईलीने ती खाल्ली आणि दुसरी मागितली.