घरच्यांची पंगत

दिनूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच करवादलेली होते. सोमवारची सकाळ होती, माझा साठ्याचा अहवाल नेहमीसारखा रांगेत मागे उभा होता आणि शनिवारी अकोल्याला घरी गेलेले दिनूभाऊ अजून अमरावतीच्या ऑफिसात पोचले नव्हते. फोनवर त्यांचं नाव दिसलं, तसं मी विचारलं, "कुठवर आलात?" पलीकडे सुनंदावहिनी होत्या. सकाळी फिरायला निघाले, फाटकाशीच बसले... आणि उठले नाहीत. मी फोन ठेवला आणि सवयीने वहीत लिहायला घेतलं : गाडी सांगणे, पुण्याला कळवणे, ऑफिसातल्या चौघांची रजा. चौथी ओळ सुचेना.

याद्या करणं हा माझा स्वभाव आणि त्या याद्यांची थट्टा करणं हा दिनूभाऊंचा. "ताई, उद्या श्वास घ्यायचाय, तेबी लिहून ठेवा," असं ते म्हणत. आम्ही एका बियाणं कंपनीत बरोबर काम केलं. कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात, पण माहितीचं कोठार सांभाळायचं काम अमरावतीला, आमच्याकडे. हे कोठार म्हणजे भाड्याने घेतलेली, दूर कुठेतरी ठेवलेली मोठी संगणक-यंत्रणा. कुठल्या दुकानात कोणतं बियाणं किती उरलं, काय विकलं, सगळं तिच्यात. कोणीही प्रश्न टाकायचा, तिने उत्तर द्यायचं. अडचण एवढीच की सगळ्यांचे प्रश्न सकाळीच यायचे. बाळापूरच्या दुकानदाराला विचारायचं असायचं, अमुक वाणाच्या पिशव्या अकोल्याच्या गोदामात आहेत का? डोळ्याचं पातं लवेपर्यंत मिळेल असं उत्तर. पण त्याच्यापुढे पुण्याच्या साहेबांचा गेल्या सगळ्या हंगामांची तुलना मागणारा अगडबंब अहवाल बसलेला असायचा आणि त्याच्या शेजारी हिशेब विभागाचा. यंत्राची सगळी ताकद ते दोघेच खाऊन टाकत. हिवरखेडचा एक दुकानदार रोज मला फोन करायचा, "मॅडम, पडद्यावर नुसतं गोल फिरून राहिलं. समोर गिऱ्हाईक उभं हाय, त्याले काय हे गोल दाखवू?"

पुण्याने आधी मोठं यंत्र घेतलं. बिल फुगलं, गोल फिरतच राहिलं. कारण यंत्र मोठं झालं म्हटल्यावर साहेबांनी अहवालही मोठा केला. मग दिनूभाऊंनी तातडीच्या कामांची वेगळी रांग काढली. इथे आमच्या वऱ्हाडी मनाने घात केला. प्रत्येक विभागातून कोणीतरी यायचं, चहा घ्यायचं, जाता जाता म्हणायचं, "दिनूभाऊ, आपलंबी तातडीतच टाका ना." आणि दिनूभाऊंना नाही म्हणता येत नसे. "आपलेच लोक हायेत ताई, काहून तोंड वाईट करा?" महिनाभरात अख्खी कंपनी तातडीच्या रांगेत आली आणि साधी रांग ओस पडली. मी त्यांना ते दाखवलं तर पोट धरून हसले. "हे तं बेस झालं. आता साध्या रांगेतच जाऊ, तिथं गर्दी नाही."

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते राहिलं नव्हतं. पेरणीच्या आधी सकाळची ही कोंडी सुटली नाही तर अमरावतीचं काम पुण्याला हलवू, असं साहेबांनी सांगितलं. माझा प्रश्न नव्हता, मुलं बाहेरगावी, मी कुठेही गेले असते. पण वहिनी अकोल्याजवळच्या शाळेत शिक्षिका, दिनूभाऊंच्या आई थकलेल्या. दिनूभाऊ पुण्याला जाणार नव्हते, म्हणजे नोकरीच सोडणार होते. त्या दिवसांत त्यांची थट्टा कमी झाली आणि माझ्या याद्या लांबल्या.

अशात एका रविवारी त्यांच्या घरचं रोडग्यांचं जेवण होतं, बाळापूरकडच्या त्यांच्या गावी, मारुतीजवळ. मीही गेले. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजलेले, वांग्याची भाजी, वरण... वासानेच माणूस पाघळावा. पहिली पंगत लेकरांची, ती भराभर खाऊन उठली. मग पाहुण्यांची पानं मांडली, तर दिनूभाऊ गुपचूप कडेच्या पानावर जाऊन बसले. त्यांच्या काकूंनी लांबूनच पाहिलं. "काय रे दिन्या, घरचा होऊन पाहुण्यायच्या पंगतीत बसून राहिला? ऊठ. वरणाची बादली घे."

"काकू, भूक लागली वं."

"घरच्यायले मागून. काही मरत नाहीस."

ते उठले, बादली घेतली, दोन पानांवर वरण वाढलं आणि मधेच थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, आपून तिकडं ऑफिसात सारे घरचेच पहिल्या पंगतीत बसवले." खालून एक पाहुणा म्हणाला, "भाऊ, वरण सांडून राहिलं."

सोमवारी त्यांनी सगळी मांडणी मोडली. पहिली रांग दुकानदारांची, लहान प्रश्नांची. तिथे कोणी रेंगाळलं तर यंत्र आपोआप उठवणार. दुसरी शाखांची. तिसरीचं नाव त्यांनी ठेवलं 'घरचे'. तिच्यात हिशेब विभाग, आम्ही दोघं आणि साहेब. तिच्यासाठी छोटं यंत्र वेगळं काढलं, म्हणजे घरच्यांच्या जेवणापायी पाहुण्यांचं वाढणं थांबायला नको. ते सकाळची गर्दी ओसरल्यावर जागं होणार आणि काम संपलं की झोपणार. तासाभरात साहेबांचा फोन. "माझा अहवाल शेवटी का?"

"साहेब, तुम्ही घरचे ना?" दिनूभाऊ शुद्ध भाषेत म्हणाले. साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण उपाशी ठेवू नका."

पेरणी आली. पहिल्या गर्दीच्या सकाळी आम्ही दोघं पडद्यापुढे बसून होतो. दुकानदारांचे प्रश्न येत होते, उत्तरं घेऊन उठत होते. हिवरखेडचा फोन नाही, अकोटचा नाही. दिनूभाऊ खुर्चीत चुळबुळत म्हणाले, "ताई, कोणीच फोन करून नाही राहिलं. कंपनी बंद पडली का काय?" शेवटी त्यांनीच हिवरखेडला फोन लावला. तो दुकानदार म्हणाला, "आता नको भाऊ, गिऱ्हाईक हाय." त्या वाक्यावर त्यांनी ऑफिसभर कचोरी वाटली. आमचं काम अमरावतीलाच राहिलं आणि दिनूभाऊ दर शनिवारी अकोल्याच्या गाडीत बसत राहिले.

तेरवीला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. ऑफिसची मंडळी पंगतीत बसली, तशी मीही पान धरलं. वहिनी जवळ आल्या, माझा दंड धरून म्हणाल्या, "ताई, तुमी आत्ता नाही." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझ्या हातात वरणाची बादली दिली. मी वाढत गेले, डोळे भरून येत होते, आणि ऑफिसातला एकजण म्हणाला, "मॅडम, वरण सांडतंय." मला हसू फुटलं. वहिनींनाही.

पुण्याहून नवीन आलेल्या सहकाऱ्याने परवा विचारलं, त्या तिसऱ्या रांगेला जरा रीतसर नाव देऊ का? मी म्हटलं, बाकी काय हवं ते बदला, ते राहू द्या. सकाळी माझा अहवाल टाकते. पडद्यावर ओळ उमटते : घरचे, प्रतीक्षेत. तिकडे बाळापूर, अकोट, हिवरखेड जेवून उठत असतात. मी दोन कप चहा सांगते, मग एक रद्द करते, आणि माझी पाळी येईपर्यंत बसून राहते.