कुडाला पडणारी भोकं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. आता हे वाचून कुणी माझी केली, तर तक्रार नाही… पण जे पाहिलं ते लिहिते.

माझी धाकटी बहीण यमू जव्हारला दिली होती, बिजवराला. मेव्हणे संस्थानच्या जंगलखात्यात कारकून. घर शिरपामाळच्या वाटेवर, भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या. बाळंतिणीच्या खोलीमागं सरळ दरी — तिथं माणूस उभाच राहू शकत नाही. मेव्हण्यांची पहिली बायको त्याच खोलीत बाळंतपणात गेली होती.

आमची आई हयात नाही, म्हणून यमूचं बाळंतपण सासरीच झालं आणि मदतीला मी गेले. मुलगी झाली. बाळंतिणीला वारा बाधतो म्हणून सासूबाईंनी फटीफटीत चिंध्या कोंबल्या आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, ती हलवेचनात. यमू कण्हायची, "ताई, डोकं फुटतंय गं." अन्न पोटात ठरेना.

मग एका सकाळी तिच्या उशाशी कुडाला बोटभर भोक दिसलं. त्या दिवशी यमू उठून बसली, जेवली, हसलीसुद्धा! सासूबाईंनी भोक लिंपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

लिंपायला येणारी वारली बाई बघून म्हणाली, "बाय, भोक भायेरशी पाडलाय. माती आत ढकललीय."

"पहिलीच ती," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला न्यायला टपलीय मेली. बघतेच कशी येते."

मी म्हटलं, "मावशी, अहो भोकामुळेच तिला बरं वाटतंय."

"तुला किती पोरं झालीत गं?" मला मूल नाही हे त्यांना ठाऊक होतं.

गोणपाट मातीत भिजवून त्यांनी अख्खा कुड जाडजूड लिंपून घेतला. दुपारी मी दार उघडलं. यमू निजली होती, गाल छान लाल. मला वाटलं, सुधारली! हलवलं, तर मान कलंडली. कुशीतली पोरही गेलेली.

डॉक्टर शेगडीकडे बघत म्हणाले, "कोळशाचा वायू. दिसत नाही, वास येत नाही. एक फट असती तरी…"

सासूबाईंनी मात्र खापर सवतीवरच फोडलं.

मेव्हण्यांनी तिसरी केली. गेल्या आठवड्यात ती त्याच खोलीत बाळंत झाली. मी धावत गेले, डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, हात जोडले. मेव्हणे म्हणाले, "आईला कळतं."

भोकं कोण पाडतं, मला आजही सांगता येत नाही. जाताना खोलीत डोकावले. उशाशी पुन्हा भोक होतं — आणि त्याच्या शेजारी आणखी एक.

अंगणात सासूबाई माती कालवत होत्या.