धुतलेल्या बाटल्या

आईने त्या बारा बाटल्या धुतल्या होत्या, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं.

आमचं गाव डोंबिवलीजवळ, खाडीच्या काठाला. गाव म्हणजे आता चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये आमची घरं. बाबा अजून होडी घेऊन खाडीत जातात, आई बाजारात मासळी विकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी खाडीचं पाणी घेतलं. तीन जागचं पाणी भरायचं आणि त्यात नायट्रेट किती, फॉस्फेट किती ते मोजायचं. कल्याणच्या बाजूला नदीवर जलपर्णी माजते, ती काढताना साहेब लोकांचे फोटो निघतात. पण तिला खाऊ कोण घालतं, हे कुणी विचारत नाही. आपलंच सांडपाणी घालतं. मला ते कागदावर दाखवायचं होतं.

सोबत बाबांनी पकडलेल्या शिंगाळी माशांत पारा किती, तेही तपासायचं होतं. ते आमच्या कॉलेजात होत नाही. मासे बर्फाच्या डब्यात घालून मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लॅबला गेलेले. रिक्षावाला दोनदा मागे वळून बघत म्हणाला, "ताई, डब्यात काय आहे?" मी म्हटलं, "प्रोजेक्ट." तो म्हणाला, "प्रोजेक्ट सडला वाटतं."

रिपोर्ट आला. पारा मर्यादेच्या वर. आमच्या मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे का गं?"

वहिनीला सहावा महिना लागला होता. आमच्याकडे पोटुशी बाईला ताटातला सगळ्यात चांगला तुकडा मिळतो. बाबा रोज तिच्यासाठी वेगळी मोठी शिंगाळी काढून ठेवत होते. मॅडमनी सांगितलं की पारा आईच्या पोटातून बाळापर्यंत जातो, त्याच्या मेंदूला इजा करतो. मोठ्या माशात तो जास्त साठतो. म्हणजे बाबा जितक्या मायेने निवडत होते, तितकं वाईट होत होतं.

मी ठरवलं, आधी कॉलेजच्या सेमिनारमध्ये सगळं मांडायचं. सरकारी ऑफिसातले प्रदूषणाचे एक साहेब येणार होते. ते हो म्हणाले तर घरीही ऐकतील, असं मला वाटलं.

साहेबांनी माझा तक्ता बघितला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती शुद्ध पाण्याची बाटली होती. त्यात काहीच सापडायला नको, म्हणूनच ती ठेवतात. तिच्यातही फॉस्फेट भरपूर आलेलं.

"बाटल्या कशाने धुतल्या?"

"लॅबमध्ये ॲसिडने, सर."

"आणि मग?"

"मग घरी नेल्या, सर. सकाळी लवकर भरायच्या होत्या."

"घरी कुणीतरी पावडरने घासल्यात, तिच्यात फॉस्फेट असतं. बेटा, तू खाडी नाही तपासलीस, कपड्याची पावडर तपासलीस."

सगळे हसले. ते बरोबर होते, हे मी मान्य करते. पण मग त्यांनी माशांचा रिपोर्ट उचलला, न वाचता त्याच तक्त्याखाली सरकवला आणि म्हणाले, "हेही तसंच असणार. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या हेच मासे खातायत, कुणाला काय झालंय?"

मासे त्या बाटल्यांत नव्हते. दुसऱ्या लॅबने तपासलेले. हे एक वाक्य मला बोलता आलं नाही. मी "सॉरी सर" म्हटलं आणि खाली बसले. त्या सॉरीचा राग मला अजून येतो. साहेबांचा त्याहून जास्त येतो. पिढ्यान् पिढ्या म्हणे. आजोबांच्या वेळी खाडीत कारखान्यांचे नाले नव्हते, पारा असलेल्या फुटक्या ट्यूबलाइटी कचऱ्यात फेकल्या जात नव्हत्या. कुणाला काय झालं, हे बघायला ते कधी आमच्या गावात आलेले?

तो सगळा राग घेऊन मी घरी गेले आणि आईवर काढला. ती अंगणात मासे साफ करत होती.

"बाटल्या धुतल्यास तू?"

"धुतल्या. कसला तरी आंबूस वास मारत होता. तुझ्या मॅडमला घाण बाटल्या कशा द्यायच्या? पावडर लावून तीनदा खळबळून उन्हात ठेवल्या. चांगल्या चकचकीत केल्या."

मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. आईने हात पुसले. वहिनी दारात उभी होती. तिच्याकडे वळून मी म्हटलं, "आणि तू आजपासून खाडीचं म्हावरं खायचं नाही. त्यात पारा आहे."

बाबा ओट्यावरून म्हणाले, "म्हावऱ्यात कुठला पारा? पारा हिच्या डोक्यात चढलाय."

वहिनीला हसू आलं. मलाही आलं असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी.

आईने एक शिंगाळी उचलली आणि अंगठ्याने कल्ला उघडला. "बघ, लालभडक हाय. आज सकाळची. यात काय वाईट हाय, दाखव मला."

मला दाखवता येईना. पारा दिसत नाही, वास नाही, चव नाही. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाटल्यांत तरी पावडर दिसत होती का गं?"

आईचा अंगठा तिथेच थांबला.

"तीनदा धुतल्या मी," ती म्हणाली.

"तरी राहिली."

"दिसत नव्हती."

"नव्हतीच."

तिने तो मासा बाजूला ठेवला. त्या दिवशी वहिनीच्या ताटात अंडं आलं. बाबा जेवून लवकर उठले.

पण बाकीच्या माशांची पाटी बाजारात गेलीच. न जाऊन कसं चालेल? मी सोबत गेले. पाणी मी पुन्हा भरणार होते, आता बाटल्यांना कुणी हात लावला तर आईच ओरडते. पण पाटीचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

एक बाई आली, सात-आठ महिन्यांची गरोदर असेल. "मावशी, ती मोठी द्या."

आईने सवयीने कल्ला उघडला. मग हात मागे घेतला. "ही खाडीची हाय, बाय. तुला नको."

"का? शिळी आहे?"

"ताजी हाय. पण तुला नको."

त्या बाईला ते कळलं नाही. आईला याच्यापुढे सांगता आलं नाही, आणि मी सुरुवात करेपर्यंत ती शेजारच्या पाटीवर गेली होती. तिथली मावशी आमच्याच गावची, तिच्या नवऱ्याची होडी बाबांच्या होडीशेजारी बांधलेली असते. तिने आमच्याकडे रागाने बघितलं आणि त्या बाईला कल्ला उघडून दाखवला.

लालभडक होता. बाईने ती घेतली.