सात देश आणि कमलाकांतचा रुसवा

आमच्या माहीममध्ये लग्न निघालं की दोन गोष्टी आधी ठरतात: आचारी कोण आणि रुसणार कोण. आचारी बदलतो. रुसणाऱ्यांची मात्र घराणी आहेत. हे माहीम मुंबईतलं नव्हे बरं का, केळव्याच्या शेजारचं, पालघर तालुक्यातलं. मुंबईच्या माणसाला रुसायला फुरसत कुठली?

आणि रुसवे काढायचे ते कमलाकांतने. पानवेलींची लहानशी वाडी, खांद्यावर कायम पंचा आणि तोंडात कायम मौन. त्याच्या वाटचं बोलायचं काम त्याच्या बायकोने, मंदावहिनींनी, लग्नाच्या दिवशीच अंगावर घेतलं ते आजतागायत सोडलेलं नाही. कमलाकांतची रीत साधी. रुसलेला माणूस कुठे सुरूच्या झाडाखाली तोंड फिरवून बसलेला असेल तिथे जायचं, त्याच्या पुढ्यात एक नारळ आणि पानाचा विडा ठेवायचा आणि समोर गप्प बसायचं. का रुसलास, हे विचारायचं नाही. समजूत घालायची नाही. आधी बोलायचं ते रुसणाऱ्याने. तो नारळ उचलतो, रुसवा सुटतो आणि दोघं जेवायला जातात. त्याचा चुलतभाऊ आत्माराम तर पत्रिकेत आपलं नाव धाकट्या भावाच्या खाली छापलं म्हणून इतक्या लग्नांत रुसला, की त्याच्या घरी नारळ विकत आणावा लागत नाही असं गावात म्हणतात. गावात म्हणजे मीच म्हणतो, पण लोक दुजोरा देतात.

तर गेल्या मे महिन्यात कमलाकांतच्याच मुलीचं, भावनाचं, लग्न निघालं. मुलगा सफाळ्याचा. हळद शनिवारी संध्याकाळी, पुतण्या शैलेशच्या हॉलमध्ये. समुद्राजवळ शैलेशचं रिसॉर्ट आहे, त्याला लागून हा हॉल आणि हॉलला लागून काकाची वाडी. भावना लहान असताना तो हॉल बांधत होते, तेव्हाच कमलाकांत म्हणाला होता, "हिची हळद इथं." त्या वर्षी तो एवढंच बोलला असावा.

पण शैलेशच्या हाती मोठं गिऱ्हाईक लागलं. समुद्रकाठच्या सात देशांचा एक गट आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत पर्यावरणाचं कुठलं काम आधी हाती घ्यायचं, हे त्यांना मिळून ठरवायचं होतं. बोईसरला कारखान्यांचं सांडपाणी कसं साफ करतात ते बघायचं, इथला किनारा बघायचा, हॉलमध्ये सभा घ्यायची आणि शनिवारी दुपारी जेवून जायचं, असा बेत.

"काका, दुपारी जातात ते," शैलेश म्हणाला. "संध्याकाळी हॉल तुमचा."

शैलेशची बहीण दीपाली बोईसरच्या एका कारखान्यात सांडपाण्याचंच काम बघते. इंग्रजी फर्डं, म्हणून पाहुण्यांच्या मदतीला तिला घेतलेलं. पहिल्याच संध्याकाळी ती काकाच्या ओट्यावर येऊन बसली.

"कामं सगळ्यांना मान्य हायत," ती म्हणाली. "खारफुटी वाचवायची, कारखान्यांचं पाणी, समुद्रातलं प्लास्टिक, मासळीची पिल्लं, जमिनीखालचं पाणी, उन्हाळ्याची काहिली. एक बेटांचा देश हाय, त्यांची किनारपट्टीच वाहून चाललीय. भांडण एकच, पहिल्या नंबरावर काय घालायचं. पैसा तिथूनच वाटत जाणार ना."

"म्हंजे पत्रिका छापतायत," मंदावहिनी म्हणाल्या.

कमलाकांतने मान हलवली, पण त्याचा चेहरा पडला. नावांचा क्रम लागेपर्यंत आमच्याकडे साखरपुडा मोडायची वेळ येते, हे त्याच्याइतकं कोणी पाहिलंय? आणि इथे तर देश.

शुक्रवारी त्याची भीती खरी ठरली. बेटांच्या देशाच्या बाई, मोठ्या हुद्द्याच्या, पिकलेल्या केसांच्या, सभेतून उठून बाहेर आल्या आणि विहिरीच्या कठड्यावर हॉलकडे पाठ करून बसल्या. किनारपट्टीचं काम तेवढ्यात सहाव्या नंबरावर गेलं होतं. कमलाकांतने वाडीतून हे पाहिलं. बाई रुसल्या, म्हणजे सभा लांबली, म्हणजे हळद गेली. तो घरात गेला, नारळ आणि विडा घेऊन आला, बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि समोर मांडी घातली.

बाईंनी नारळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. हसून काहीतरी विचारलं. हा गप्प. बाईही गप्प झाल्या. अर्धं गाव कामं सोडून बघत होतं. शेवटी दीपाली धावत आली.

"काका, उठा. बाई रुसल्या नायत."

"मग बाहेर का बसल्यात?"

"आत एसी लय गार हाय. ऊन खायला आल्यात."

दीपालीने बाईंना सगळी रीत समजावून सांगितली. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग नारळ दोन्ही हातांनी उचलून त्या आत गेल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट केळव्याच्या बाजारात पोचली. कोणी पोचवली ते विचारू नका. आत्माराम तर म्हणाला, "आता कमलाकांतला परदेशात मागणी येणार."

शनिवार उजाडला. दुपार झाली, पाहुणे जेवले आणि पुन्हा आत जाऊन बसले. चार देशांचं एकमत, तिघांचं नाही. बाहेर हळदीच्या पराती आलेल्या, बायका नटलेल्या, बँडवाला बाकावर घोरतोय. शैलेश मान खाली घालून आला.

"काका, अजून त्यांचं उरकत नाय. हळद शाळेच्या मैदानात घेऊया का? मांडव माझ्या खर्चाने."

कमलाकांतने हातातली परात मंदावहिनींच्या हातात दिली, चालत वाडीच्या टोकाला गेला आणि पानवेलींकडे तोंड करून बसला.

जरा वेळ कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग मंदावहिनीच म्हणाल्या, "अगो, हे रुसले." आणि सगळं लग्नघर एकमेकांकडे बघू लागलं. रुसवे काढणाराच रुसला, तर त्याचा रुसवा काढायचा कोणी?

घरात भावना पाटावर बसली होती. "बाबा येऊन बसल्याबिगर मी हळद लावून घेणार नाय," ती म्हणाली. बापाचीच मुलगी. आता मैदान मिळालं तरी उपयोग नव्हता.

शैलेश गेला, तर काकाने तोंड आणखी फिरवलं. मग आत्माराम पुढे झाला. म्हणाला, "एवढे नारळ घेतले, एक देता येणार नाय?" त्याने नारळ ठेवला, बसला, आणि बसल्याबरोबर सुरू झाला: तुझं चुकलं, शैलेशचं चुकलं, आणि मुळात या पत्रिकेतही माझं नाव खाली आहे. कमलाकांतने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. आत्माराम आपला नारळ उचलून परत आला आणि विहिरीपलीकडे स्वतःच रुसून बसला. म्हणजे आता दोन झाले.

दीपालीने चहाच्या सुट्टीत हे बेटाच्या बाईंना सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीत जाऊन कालचाच नारळ आणला. पायातले बूट काढून हातात घेतले, वाडीत गेल्या, नारळ कमलाकांतच्या पुढ्यात ठेवला आणि समोर मातीत बसल्या. एक शब्द नाही. आत्मारामने शिकावं असं बसणं.

तिकडे सुट्टी संपली आणि बाईंची खुर्ची रिकामी. सभेचे अध्यक्ष स्वतः शोधायला निघाले. वाडीत आले तर ही दोघं मुनींसारखी बसलेली. पानवेलींची गर्द सावली, खाली ओलसर माती, एसीपेक्षा सोसणारा गारवा. अध्यक्षही टेकले. त्यांना शोधायला आणखी दोघं आले, तेही टेकले. असं करत साती देश वाडीत आणि हॉल रिकामा.

मंदावहिनींनी क्षणही दवडला नाही. पाहुण्यांच्या बॅगा नीट उचलून वाडीच्या तोंडाशी ठेवल्या, बायकांना हॉलमध्ये घेतलं, पाट मांडला आणि पाटाभोवती रांगोळी सुरू झाली. शैलेश "काकी, अहो काकी" करत राहिला.

वाजंत्री सुरू झाल्याचं कमलाकांतने ऐकलं. त्याने नारळ उचलला. आधी बोलायचं ते रुसणाऱ्यानेच, म्हणून तोच बोलला.

"चहा घेणार?"

चहा वाडीतच गेला आणि सभाही वाडीतच उरकली. तिथे काय झालं ते दीपालीकडून कळलं. बाई म्हणाल्या, आमचं काम सहावं राहू द्या, पण दर पाच वर्षांनी यादी उघडायची आणि तेव्हा शेवटून वाचायला घ्यायची, म्हणजे खालच्यांची पाळी आधी. अडलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग अध्यक्षांनी खाली एक ओळ घातली की अनुक्रमांकावरून महत्त्व ठरवू नये. गावात सांगतात की ती ओळ कमलाकांतने सांगितली. तो नाही म्हणत नाही. तसा तो काहीच म्हणत नाही.

भावनाला हळद लागली ती त्याच हॉलमध्ये, बाप शेजारी बसलेला असताना. साती देशांनी लावली. आधी कोणी लावायची यावरून अध्यक्ष घुटमळले, तेव्हा मंदावहिनींनी त्यांचाच हात धरून परातीत बुडवला. त्यांचा टाय पिवळा झाला.

पंगत बसायच्या वेळी कोणाला तरी आत्मारामची आठवण झाली. तो अजून विहिरीपलीकडे होता, आणि वरण गरम होतं. कमलाकांतने बाईंनी आणलेलाच नारळ घेतला, विडा घेतला आणि बेटाच्या बाईंना मानेनेच खुणावलं. दोघं जाऊन आत्मारामच्या समोर मांडी घालून बसले.

एकाला आत्माराम पुरून उरला असता. दोघांपुढे त्याचा इलाज चालला नाही.

"या बाईंचं नाव तरी काय?" त्याने विचारलं आणि नारळ उचलला.