गिरणीशेजारचा जिना
ज्वारीच्या गरम पिठाचा वास आला की सदाशिव पेठेतली ती संध्याकाळ आठवते. दारू सोडणाऱ्यांची बैठक पिठाच्या गिरणीपाशी भरते, एवढंच मला कळलं होतं. जिन्यावर पाटी मात्र नव्या कॉम्प्युटर क्लासची. तिरप्या उन्हात पिठाचा धुरळा तरंगत होता आणि पापण्यांपर्यंत पांढरे झालेले गिरणीवाले काका ढगातून उतरल्यासारखे दिसत होते. खरं विचारवेना, म्हणून म्हटलं, "कॉम्प्युटर क्लास इथंच का हो?" त्यांनी माझे थरथरणारे हात पाहिले. "क्लास सुटला. आणि या हातांनी बटणं दाबणार? दारू सोडणारे वर बसलेत. जा, चहा निवतोय." आता त्या जिन्यावर जर्मन क्लासची पाटी आहे. परवा तिथेच खाली थरथरत्या हातांच्या एकाने मला विचारलं, "जर्मनचा क्लास इथंच ना?" मी म्हटलं, "सुटला. वर चला, चहा निवतोय."