दहाव्यापुरतं पाणी

“तुह्या बापासाठी मशीन चालू करू काय बे?”

भाऊ असं बोलला आणि चहाच्या टपरीवरची माणसं खो खो हसली. मीही हसलो. तेच आजही सलतं.

भाऊ म्हणजे आमचा कंत्राटदार. गावाच्या सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र नदीकाठी आहे. ते चालवायचं काम त्याच्याकडे, मी त्याचा ऑपरेटर. मोठाल्या टाक्या, त्यात हवा सोडणारे ब्लोअर. हवा मिळाली की टाकीतले जंतू घाण खातात, पाणी नितळतं. पण ब्लोअर वीज ओढतो. म्हणून भाऊचा हुकूम, साहेब पाहायला आले तरच बटण दाबायचं. एरवी मी व्हॉल्व्ह उघडायचो. अख्ख्या गावाचं संडास-मोरीचं पाणी जसंच्या तसं नदीत.

बाप वारला. मी एवढंच म्हटलं होतं, “भाऊ, दहाव्यापर्यंत मशीन चालू राहू द्या. घाटावर विधी आहे.” त्यावर हे उत्तर.

दहाव्याला न्हाव्यानं डोकं भादरलं आणि मी नदीत उतरलो. काळं पाणी, वर फेस. पिंड सोडला, तो गाळात रुतला. जानेफळहून आलेली आत्या नाकाला पदर लावून रडत होती. “दादाले ह्या घाणीत सोडून राह्यलो का रे आपण?”

मी रीत म्हणून बुडी मारली. तो व्हॉल्व्ह त्या सकाळी माझ्याच हातानं उघडला होता. लाज वाटली. बापाची नाही, माझी.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊची आई गेली. राख निवायच्या आत फोन आला. “सगळे ब्लोअर चालू कर. दहाव्याले पाणी नितळ पाह्यजे.” दुसऱ्या गावच्या केंद्रातून घाण खाणाऱ्या जंतूंचा गाळ टँकरनं आणून टाक्यांत सोडला. मशीन रात्रंदिवस चालली. दहाव्याला घाटावर पाण्यात पायाची बोटं दिसत होती. बाया म्हणत होत्या, म्हातारी पुण्यवान, नदी आपसूक निवळली.

माझं डोकं सणकलं.

भाऊ ओलेत्यानं वर आला. “झालं आता. संध्याकाळी बंद करजो.”

“नाही करत.”

“काऊन बे?”

मी लोकांकडे वळलो. “पुण्याईनं नाही निवळली नदी. मशीन चालू होती म्हणून निवळली. एरवी हा बंद ठेवते. याच्या सांगण्यावरून मीच बंद करतो. माह्या बापाले मी तुमच्या संडासात बुडवलं.”

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. भाऊच्या पुतण्यानं कानाखाली ओढली. संध्याकाळी दुसऱ्याच्या हातानं मशीन बंद झाली. माझं काम गेलं.

बायको म्हणते, तुमचा स्वाभिमान चुलीवर शिजत नाही. खरं आहे तिचं. आता भट्टीवर विटा वाहतो. पण सकाळी आधी केंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहून कान देतो. ब्लोअर चालू असला तर आवाज रस्त्यापर्यंत येतो. नाही आला की थेट घाट गाठतो. कोणाचा दहावा असला, तर ते पाण्यात उतरायच्या आधी सांगतो, आत काय आहे आणि कोणी सोडलं. माणसं चिडतात. दुःखात मीठ चोळतो म्हणतात. म्हणू देत.

भाऊनं निरोप धाडलाय, पाय तोडीन.

तोडू दे. घाटावर बसून सांगीन.